भिंतीकडे तोंड करून

बाईंनी मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं, "अहो, भिंतीकडे तोंड करा."

मी केलं. का, कशासाठी, असं विचारण्याचा माझा स्वभाव नाही. रिक्षाने अंगावर चिखल उडवला तर रिक्षावाल्यालाच सॉरी म्हणणारा मी माणूस. कुणी भिंतीकडे तोंड करायला सांगितलं तर आपल्या हातून काहीतरी घडलं असणार, एवढंच माझ्या मनात येतं.

तेव्हा मी तिशी ओलांडलेली होती. ऑफिस सुटल्यावर परस्पर तिथे आलेलो, अंगात इस्त्रीची पँट, हातात डब्याची पिशवी. विश्रांतवाडीत आमच्या कॉलनीच्या मागे एक मोकळी जागा होती. तिच्या एका कडेला पाण्याच्या पंपाची खोली आणि त्या खोलीच्या भिंतीसमोर विटांवर टाकलेली एक लांब शहाबादी फरशी. त्या फरशीवर पाच-सहा आईबाप ओळीने, मैदानाकडे पाठ करून, भिंतीकडे बघत बसले होते. त्यांच्या शेजारी लाकडी स्टुलावर बाई. त्यांचीही पाठ मैदानाकडे. आणि आमच्या सगळ्यांच्या पाठीमागे तीस-चाळीस मुलं जिवाच्या आकांताने ओरडत होती. त्यांत माझी एकुलती एक मुलगी जुईही होती.

मी शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं, "मुलांवर लक्ष कोण ठेवतं?"

"बाई."

"पण त्या तर भिंतीकडे बघतायत."

बाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "लक्ष कानाने ठेवतात. डोळ्यांनी ठेवतात तो संशय."

बाईंचं नाव मी इथे सांगत नाही. त्यांना ते आवडलं नसतं आणि सांगितलं तर मला रात्रभर टोचत राहील. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची नोकरी झाली होती. ट्रंक कॉल लावायचा, तो जोडून द्यायचा आणि मध्येच ओळीवर येऊन "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" असं विचारायचं, हे त्यांचं काम. घरोघरी एसटीडी आलं, हाताने फोन जोडायची गरज संपली आणि बाईंनी लवकर निवृत्ती घेतली. लग्न केलेलं नव्हतं. कॉलनीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. रोज संध्याकाळी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, साडी नीट खोचून, हातात घडीचं स्टूल, खांद्यावर थर्मास अशा त्या निघायच्या आणि त्यांच्यामागे वस्तीतली सगळी पोरं. थर्मासमधला चहा त्या एकट्या प्यायच्या. कुणाला "घेणार का?" म्हटल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं फुकट होतं. फुकट म्हटल्यावर आपल्याकडे लोकांना आधी शंका येते. एक बाप येऊन विचारून गेला, "हा कसला क्लास आहे? सर्टिफिकेट मिळतं का?" बाई म्हणाल्या, "क्लास नाही. खेळ आहे."

"पण मुलाला यातून मिळणार काय?"

"घाम."

दुसऱ्या एकांनी, निदान वेळ आणि नियम कळावेत म्हणून, एक पाटी लावा असं सुचवलं. त्यावर बाई म्हणाल्या, "पाटी लावली की पुण्यातली माणसं पाटी वाचायला येतील. मला मुलं हवी आहेत."

नियम अर्थात होते. ते पाटीशिवाय कळायचे, कारण मोडल्याबरोबर शिक्षा व्हायची. पालकांनी भिंतीकडे तोंड करायचं, हा पहिला. 'पडशील' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा दुसरा आणि सर्वांत कडक. जो पालक हा शब्द बोलेल त्याने उठायचं आणि पुढच्या डावात मुलांचं राज्य घ्यायचं.

आता माझी नोकरी सांगितली पाहिजे, म्हणजे माझी अवस्था कळेल. मी विम्याच्या ऑफिसात अपघाताच्या दाव्यांच्या टेबलावर होतो. लोक कसे पडले ते मी दिवसभर वाचत असे. शिडीवरून, जिन्यावरून, ओल्या बाथरूममध्ये, कौलं शाकारताना, अंगणात नुसते उभे असताना. जगात एवढ्या प्रकारांनी पडता येतं हे सहसा कुणाला माहीत नसतं. मला ते फाईलवार माहीत होतं. घरी आलो की जुई मला चालती-बोलती फाईल दिसायची. तिला सायकल मी घेऊन दिली नव्हती. गच्चीवर जायला बंदी होती. झोपाळ्यावर ती बसली तर मी दोन्ही कड्या धरून उभा राहायचो, त्यामुळे झोपाळा हलायचा नाही. माझी बायको शनिवार पेठेतली. ती एकदा म्हणाली, "अहो, तिला कापसात गुंडाळून कपाटात ठेवा आणि किल्ली तुमच्या जानव्याला बांधा." आणि मला न विचारता तिने जुईला बाईंकडे पाठवायला सुरुवात केली.

तर पहिल्याच दिवशी, फरशीवर टेकून मी जेमतेम श्वास घेतला असेल नसेल, मागून धावण्याचा आवाज आला, पाठोपाठ जुईची किंकाळी, आणि मी भिंतीकडे तोंड ठेवूनच ओरडलो, "जुई, पडशील!"

मैदान एकदम थांबलं. मग तीस-चाळीस गळ्यांतून एकच आरोळी उठली. त्यांना तो शब्द ओळखीचा होता आणि त्याचा अर्थही.

"जुईचे बाबा," बाई म्हणाल्या, "पिशवी इथे ठेवा. बूट काढलेत तरी चालेल."

डबा ऐसपैस चालू होतं. डबा गोलात ठेवायचा, राज्य असलेल्याने लपलेल्यांना शोधायचं आणि तेवढ्यात कुणी येऊन डबा उडवला की राज्य पुन्हा त्याच्यावरच. मी गोलात उभा राहिलो आणि डब्याजवळून हललोच नाही. माझ्या समजुतीने जबाबदारी डब्याची होती. मुलं लपलेली, मी डब्यावर पाय ठेवून उभा, संध्याकाळ चाललेली. शेवटी वाळूच्या ढिगाऱ्यामागून एक कंटाळलेला आवाज आला, "काका, शोधा की!" मी म्हणालो, "मी गेलो तर तुम्ही डबा उडवाल." त्यावर मुलांनी आपसांत बैठक घेतली आणि मला सर्वानुमते कच्चं लिंबू ठरवलं. म्हणजे मला खेळात ठेवायचं, पण माझ्यावर राज्य आलं तरी ते मोजायचं नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांना देतात तो दर्जा. जुईने घरी येऊन आईला आनंदाने सांगितलं, "बाबा कच्चं लिंबू आहेत." बायको म्हणाली, "आज कळलं तुला?"

त्या उन्हाळ्यात मी इतक्या वेळा राज्य घेतलं की माझ्या इस्त्रीच्या पँटी गुडघ्यात गेल्या. 'पडशील' टाळायचं म्हणून मी 'सांभाळून' म्हणायला लागलो. बाईंनी तोही शब्द यादीत घातला. मग मी नुसता "अं अं अं" असा आवाज काढायला लागलो. बाई म्हणाल्या, "हे तेच आहे, फक्त घशात आहे. उठा."

पण मुलांची भांडणं सोडवण्याची बाईंची रीत पाहून मला वाटायचं, आमच्या ऑफिसात या साहेब म्हणून यायला हव्या होत्या. भांडणारे दोघे आले की बाई एकाला बोलायला सांगायच्या. दुसऱ्याने अवाक्षर काढायचं नाही. तीन मिनिटं झाली की त्या एक्स्चेंजच्या आवाजात, नाकातून, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखं म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" मग दुसऱ्याची पाळी. गंमत म्हणजे तीन मिनिटं भांडण पुरत नसे. मुलगा सुरुवातीला तावातावाने बोलायचा, मग तेच तेच बोलायचा, मग भिंतीवर चाललेल्या मुंगीकडे बघायचा. "वाढवा" असं कुठल्याही मुलाने म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. खेळ संपवायलाही शिट्टी वगैरे नव्हती. बाई नुसत्या म्हणायच्या, "ठेवा." फोन ठेवा म्हणतात तसं. मुलं होती तिथून घरी वळायची.

आणि तिसरा नियम, जो सगळ्यांचा पाया होता: आवाज चालू आहे तोवर बसायचं, आवाज बंद झाला की उठायचं.

हा त्यांना नोकरीने शिकवला होता. एकदा त्यांनी मला सांगितलं, "लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा आम्हाला नियम होता. पण जोडताना दोन-चार शब्द कानावर पडतातच. पाहुण्यांची गाडी चुकली म्हणून माणूस ओरडतो. वडील गेले हे सांगणारा हळू बोलतो. मधे थांबतो. तो थांबला की मी समजायची, याचं खरं आहे. याला मधे तोडायचं नाही." मग चहाचा एक घोट घेऊन म्हणाल्या, "मुलंही तशीच. पडून रडलं तर बरं आहे. पडून रडलं नाही तर उठायचं."

मी घाईघाईने विचारलं, "पण लपंडावात सगळीच गप्प असतात."

"लपलेली शांतता खुसखुसते. ऐका."

मी ऐकलं. खरोखरच खुसखुसत होती.

एवढं सगळं एका माणसाच्या मर्जीवर चाललं होतं. जागा आबांची. आबा गावठाणातले, मूळचे शेतकरी. कॉलन्या उठल्या त्या जमिनी त्यांच्याच घराण्याच्या. हा एक तुकडा राहिला होता. पूर्वी तिथे त्यांचं खळं होतं. मुलगे तो बिल्डरला द्या म्हणून मागे लागलेले. आबांचा नातू बाईंकडे खेळायचा, म्हणून आबाही फरशीवर येऊन बसायचे, आमच्यासारखेच भिंतीकडे तोंड करून. "माझीच जागा, माझीच भिंत," ते म्हणायचे, "आन् मलाच कोपऱ्यात बसिवलंय बाईनी." पण उठायचे नाहीत.

त्यांनी बाईंना सगळ्यांदेखत बजावलं होतं, "तुमी खेळवताय तवर खेळवा. पन एकादं लेकरू दुखावलं, कुनाचा बाप माझ्या दारात आला, तर दुसऱ्या दिवशी तारंचं कुंपन. मंग मला बोल लावू नका." बाई म्हणाल्या, "मान्य." म्हणजे खेळ टिकायचा तर बाईंच्या कानांवर टिकायचा होता. ही गोष्ट फरशीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि मला तर ती झोपेतही ठाऊक असायची.

जुई आठ वर्षांची झाली त्या सुमाराला माझी बढती झाली. ऑफिसात नव्हे, तिथे मी होतो तिथेच होतो. फरशीवर. एके दिवशी आबा मला म्हणाले, "अवो साहेब, सरका तिकडं, बाईच्या शेजारी बसा. मला हितं ऊन लागतंय." भिंतीच्या सावलीत कुणालाच ऊन लागत नव्हतं, पण मी सरकलो. त्या दिवसापासून बाईंच्या उजव्या हाताची जागा माझी झाली. आणि थोड्याच दिवसांत बाई माझी परीक्षा घ्यायला लागल्या.

"जुईचे बाबा, आत्ता कोण ओरडलं?"

"आबांचा नातू. त्याला लगोरी लागली नाही."

"चिडलाय की लागलंय?"

"चिडलाय."

"बरं. आणि ते मघाचं?"

"ते दोघी बहिणींचं. धाकटीला घेत नाहीयेत."

"मग?"

"आता घेतलं."

बाई मान डोलवायच्या. मला आयुष्यात कोणत्याही परीक्षेत एवढे गुण पडले नव्हते. मी रात्री बायकोला सांगायचो, "बाई मला तयार करतायत. इतक्या पालकांतून त्यांनी मला निवडलंय. माझा कान त्यांना पटलाय." बायको भाजी निवडत "हं" म्हणायची. मी पुढे म्हणायचो, की यातून माझा भित्रेपणाही कमी होतोय. वास्तविक काही कमी होत नव्हता. मी पूर्वीइतकाच घाबरत होतो, फक्त आता नावनिशीवार घाबरत होतो. पूर्वी नुसती धडधड व्हायची; आता कुठलं मूल, कुठे, कशावरून, एवढा तपशील मिळायचा.

मधल्या काळात बाईंनी स्टूल माझ्या बाजूला जरा सरकवून घेतलं. बोलताना त्या मान तिरकी करायला लागल्या. मला वाटलं, जवळीक वाढली.

एका संध्याकाळी बाई रंगात होत्या. मुंबईहून एका शेटजींचा रोज फोन यायचा आणि पलीकडची व्यक्ती रोज "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायची, ही हकीकत त्या सांगत होत्या. मागे लगोरी चालू होती. चेंडू पंपाच्या खोलीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. "गेला, गेला" असं मुलं म्हणाली. मग थोडा गलका. आणि मग आवाज बंद झाला.

खुसखुस नाही, कुजबुज नाही. तीस-चाळीस मुलं श्वास धरून उभी असल्यासारखी शांतता.

मी बाईंकडे पाहिलं. त्या उठतील म्हणून वाट पाहिली. बाई सांगत होत्या, "शेवटी मीच त्या शेटजींना म्हटलं, अहो, रोज राँग नंबर कसा लागेल? तुम्ही माणूसच..." त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक नव्हता. त्या हसत होत्या. आणि ते बघताना माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला, की त्या माझी परीक्षा घेत नव्हत्या. त्या मला विचारत होत्या. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

मी मान वर केली. समोरच्या भिंतीच्या माथ्यावरून, माझ्या डोक्याच्या सरळ वर, दोन पाय खाली लोंबत होते. एका पायात लाल पट्ट्याची चप्पल होती. ती मीच आणली होती, तळ घसरत नाही ना ते दुकानात तीनतीनदा घासून बघून.

जुई कठड्यावर बसली होती. चेंडू तिच्या मांडीवर. मागच्या बाजूने पाइपवरून चढली असणार.

अशा प्रकारची फाईल माझ्या टेबलावर होती. एक नव्हे, गठ्ठा होता. मला एकच शब्द येत होता आणि तो ओरडण्यासाठी मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. आवाजच फुटला नाही. मी तोंड उघडं ठेवून नुसता वर बघत राहिलो, मासा बघतो तसा.

जुईने खाली पाहिलं. म्हणाली, "बाबा, बोलू नका हं." मग तिने चेंडू आमच्या मागे मुलांकडे टाकला, पाय वर घेतले, आणि दिसेनाशी झाली. पाइपवरून घसरल्याचा खरखर आवाज. जमिनीवर पाय टेकल्याचा. आणि मग मैदानात असा काही गलका उठला की आबा म्हणाले, "अग्गो बाई!"

बाई बोलता बोलता थांबल्या. माझा चेहरा बघत होत्या.

"काय झालं?"

"काही नाही."

"जुईचे बाबा, तुमचं तोंड अजून उघडं आहे."

मी मिटलं. मला खोटं बोलता येत नाही. तो गुण नव्हे, खोटं बोललो की मला घाम फुटतो. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे आवाज बंद होता?"

"हो."

"आणि मी बोलत होते."

"हो."

बाईंनी थर्मासचं झाकण नीट फिरवून लावलं. मग त्याच नाकातल्या आवाजात, जणू दुसऱ्या कुणाचा निरोप सांगतायत, म्हणाल्या, "उद्यापासून बंद. आबा, तुमच्या कुंपणाची वाट बघायला नको. ज्याला ऐकू येत नाही त्याने पाठ करून बसायचं नसतं. आणि तोंड करून बसणं मला जमणार नाही."

खरं म्हणजे मी सुटकेचा नि:श्वास टाकायला हवा होता. इतके दिवस मला हेच तर हवं होतं: जुई घरात, गच्चीला कुलूप, मी शांत. पण मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, मला बोलायचंय."

"तीन मिनिटं."

मग मी बोललो. म्हणजे काय बोललो? आधी जुईबद्दल क्षमा मागितली. मग चेंडूबद्दल मागितली. मग मला वेळेवर कळलं नाही याबद्दल, मग कळलं याबद्दल, मग पहिल्या दिवशी डबा सोडून हललो नाही त्याबद्दलही. आबा कपाळावर हात मारून बसले होते. मुलं आता आमच्याभोवती गोळा झाली होती.

"तीन मिनिटं झाली," बाई म्हणाल्या. "वाढवायचं का?"

"वाढवा," मी म्हणालो.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. असं कुणी म्हणत नाही.

"बाई, मला ऐकू येतं. जरा जास्तच येतं. मला सगळं ऐकू येतं, पण ऐकून काय करायचं ते कळत नाही. मला फक्त घाबरायचं कळतं. काय करायचं ते तुम्हाला कळतं. मी ऐकतो. तुम्ही बसा."

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "बाई, अवो, तुमाला ऐकू येत न्हाई हे मला कवाच ठावं हाय. एक दिस माझा नातू तुमच्या मागं येऊन केकाटला, तुमी हलला न्हाई. म्हनून तर ह्यांना सरकवून तुमच्याशेजारी बसिवलं. म्हनलं, ह्यांच्याएवढं भित्रं मानूस अख्ख्या वस्तीत न्हाई. मांजर चाललं तरी ह्यांच्या काळजात ऐकू येतं."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? बंद केलं असतंत." आबांनी पटक्याच्या टोकाने डोळे पुसले. "खळं चालायचं तवा सुगीत हितं असाच दंगा असायचा. मधी किती वर्सं गप पडलं हुतं. पोरं म्हनतात इका. म्हनलं, इकू, जरा दमानं."

बाईंनी थर्मास बाजूला ठेवला. मग जुईला जवळ बोलावलं.

"तू वर होतीस तेव्हा बाबा ओरडले?"

"नाही. बाबा काही म्हणालेच नाहीत."

मी घाईने म्हणालो, "बाई, ते मी मुद्दाम नाही केलं. माझा आवाजच फुटला नाही."

"न ओरडण्याचं कारण कुणी विचारलंय?" बाई म्हणाल्या. "जुई, तू उद्या खेळायचं नाहीस. माझ्याशेजारी बसून ऐकायचं. परवापासून ये. आणि चेंडू वर गेला की मला सांगायचं, मी आबांकडे शिडी मागेन." मग सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, "ठेवा."

घरी गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. निवड वगैरे काही नव्हती, हेही सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे इतके दिवस तुम्ही श्रवणयंत्र होतात." मग जरा थांबून म्हणाली, "तरी बरंय, कशाला तरी उपयोग झाला या घाबरण्याचा." आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

पुढे आमची पद्धत बसली. शांतता पडली की मी बाईंच्या कोपराला हात लावायचा. लपंडावाची असेल तर एकदा, दुसरी असेल तर दोनदा. दोनदा लावला की बाई उठायच्या, मैदानात जायच्या आणि काय करायचं ते करायच्या. मी बसून राहायचो, कारण मी उठलो तर गोंधळ वाढतो हे आता सर्वमान्य होतं. पुष्कळदा माझं चुकायचं. एकदा मी घाबरून दोनदा हात लावला आणि बाई धावत गेल्या, तर सगळी मुलं एका सुरवंटाभोवती गोल करून बसली होती. परत येऊन बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी तो सुरवंट पडणारच होता ना?"

अशी काही वर्षं गेली. बाईंना मग अजिबात ऐकू येईनासं झालं आणि त्यांची नाशिकची भाची त्यांना न्यायला आली. बाईंनी मुलांना काही सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी नेहमीसारखं स्टूल मांडलं. त्या दिवशी मात्र थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी इतका दचकलो की निम्मा पँटीवर सांडला. साखर नव्हती. इतकी वर्षं त्या तो एकट्या का पीत होत्या ते मला कळलं, दुसऱ्या कुणाला तो पिववला नसता.

स्टूल आता माझ्याकडे आहे. कुंपण अजून घातलेलं नाही. मी पाठ करून बसतो, नव्याने येणाऱ्या आया मला मुलांचा तिटकारा असलेला म्हातारा समजतात, आणि मी त्यांना, आधी क्षमा मागून, भिंतीकडे तोंड करायला सांगतो.

पण बाईंच्या त्या शेवटच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. अंधारून आलं तशा बाई म्हणाल्या, "ठेवा." स्वतःचा आवाज त्यांना कळत नसे, त्यामुळे तो फार मोठ्याने आला. मुलं गेली. जुईही मैत्रिणींबरोबर गेली. चपलांचे आवाज लांब गेले, कुणीतरी कुणालातरी "उद्या तू राज्य" म्हणालं, आणि मग मागे काहीच राहिलं नाही. आवाज बंद झाला. नियमाप्रमाणे मी बाईंच्या कोपराला हात लावला. एकदा. आणि जरा थांबून, दुसऱ्यांदा.

बाई उठल्या नाहीत. भिंतीकडे बघत, तीच एक्स्चेंजची नाकातली पट्टी लावून त्यांनी विचारलं, "वाढवायचं का?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांना ती दिसावी म्हणून जरा मोठी हलवली.

फरशीच्या पलीकडच्या टोकाकडून आबा म्हणाले, "बसा निवांत. जागा माझीच हाय."